'सुरक्षित' अ‍ॅप म्हणजे काय? : एक तपासणी

शाळेचा निरोप पूर्वी मुलाच्या वहीतून घरी जाई. आता तो फोनवरून जातो. सुट्टीची सूचना आणि सहलीची वर्गणी यांच्याबरोबर गैरहजर मुलांची नावे, थकलेल्या फीची यादी, जातीच्या दाखल्याचे छायाचित्र, एखाद्या मुलीच्या आजाराची हकिगत हेही सारे त्याच वाटेने जाते. साहजिकच 'यांतले कोणते अ‍ॅप सुरक्षित?' असा प्रश्न शिक्षकही विचारतात आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थीही. उत्तरादाखल बहुधा एक तक्ता पुढे केला जातो. डावीकडे अ‍ॅपची नावे, वर गुणांची यादी आणि चौकटींत बरोबरच्या व चुकीच्या खुणा. ज्याच्या ओळीत बरोबरच्या खुणा जास्त, ते अ‍ॅप चांगले!

या पद्धतीवर आमचा आक्षेप आहे. एखाद्या मुलाला चित्रकलेत ९५ आणि गणितात २० गुण मिळाले, तर सरासरी काढून तो गणितात उत्तीर्ण झाला असे कोणीही शिक्षक म्हणणार नाही. तक्ता मात्र नेमके तेच करतो. 'सुरक्षित' या शब्दात किमान तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. संदेशातला मजकूर कोण वाचू शकतो? कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला, हे कोणाला कळते? आणि संदेश पोचल्यावर त्याच्या प्रती कोठेकोठे उरतात? व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि सिग्नल या तीन अ‍ॅपना हे प्रश्न एकेक करून विचारू या.

किल्ली न पाठवता किल्ली

पण त्याआधी थोडे गणित. मजकूर कूटबद्ध करण्याला एन्क्रिप्शन म्हणतात. त्यासाठी दोघांकडे एकच गुप्त किल्ली हवी. ती तारेवरून पाठवावी, तर वाटेत चोरली जाणार. ही अडचण कशी सोडवायची ते १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. त्यांची युक्ती नववीच्या वर्गातही करून पाहता येते.

१७ आणि ३ या दोन संख्या सर्वांना ठाऊक आहेत. अनिताने मनात ६ धरले, बाळूने ७. अनिता ३ चा सहावा घात काढते, म्हणजे ७२९. त्याला १७ ने भागल्यावर बाकी उरते १५. बाळू ३ चा सातवा घात काढतो, म्हणजे २१८७. त्याची बाकी ११. या १५ आणि ११ संख्या ते सर्वांदेखत एकमेकांना सांगतात. आता अनिता ११ चा सहावा घात काढून त्याला १७ ने भागते, आणि बाळू १५ चा सातवा घात काढून १७ ने भागतो. दोघांचीही बाकी ८ येते! ही ८ त्यांची सामाईक किल्ली. ती कोणी कोणाला पाठवलेलीच नाही. संख्या इतक्या लहान असताना ऐकणारा ६ आणि ७ चटकन शोधून काढील. पण त्या शेकडो अंकी असल्या, तर आजच्या संगणकांनाही व्यवहार्य वेळात ते जमत नाही. संदेशवाहक अ‍ॅपमध्ये याच कल्पनेचे पुढचे रूप वापरलेले असते.

किल्ली जेव्हा फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनात तयार होते, आणि मधल्या कंपनीच्या सर्व्हरकडे ती नसते, तेव्हा त्याला 'एंड-टू-एंड', म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचे एन्क्रिप्शन म्हणतात. नुसते 'एन्क्रिप्टेड' म्हणणे वेगळे. तेथे वाटेवरच्या चोरापासून संरक्षण मिळते, पण कुलपाची किल्ली कंपनीच्या खुंटीला टांगलेली असू शकते.

पहिला प्रश्न : मजकूर कोण वाचू शकतो?

सिग्नलमधील सर्व संभाषण आपोआप एंड-टू-एंड कूटबद्ध होते. त्याच्या पद्धतीत किल्ली संदेशागणिक बदलते. त्यामुळे एखादी किल्ली हाती लागली, तरी मागचे सारे संदेश उघडत नाहीत. हीच पद्धत व्हॉट्सअ‍ॅपने स्वीकारली आणि एप्रिल २०१६ मध्ये आपल्या १०० कोटींहून अधिक वापरणाऱ्यांना एकदम लागू केली. कोणाला काही शिकावे लागले नाही, कोणते बटण दाबावे लागले नाही. या कामगिरीचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

टेलिग्रामचे तसे नाही. २०१३ साली निघालेल्या या अ‍ॅपची ख्याती गुप्ततेबद्दल आहे, पण त्याचे नेहमीचे संभाषण कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि त्याच्या किल्ल्या कंपनीकडेच असतात. एंड-टू-एंड संरक्षण केवळ 'सीक्रेट चॅट' मध्ये मिळते. ते आपण होऊन सुरू करावे लागते, आणि गटांसाठी ते उपलब्ध नाही. म्हणजे ज्या गटात शाळा याद्या टाकते, त्याच गटाला हे संरक्षण नाही. तक्त्यात मात्र टेलिग्रामपुढे अनेकदा बरोबरची खूण दिसते. कारण ती सोय अ‍ॅपमध्ये 'आहे'! प्रयोगशाळेत अग्निशामक आहे, पण तो कुलूपबंद कपाटात आहे, अशातलाच हा प्रकार.

येथे एक जुने तत्त्व आठवावे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषांच्या अध्यापकाने १८८३ साली लष्करी कूटलेखनावरील निबंधात म्हटले होते, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती किल्ली. या कसोटीवर सिग्नल सर्वांत पुढे आहे. त्याची पद्धतही उघड आहे आणि प्रोग्रॅमही. व्हॉट्सअ‍ॅपने पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले आहे, पण अ‍ॅपचा प्रोग्रॅम बंद आहे. म्हणजे वर्णनाप्रमाणेच सारे चालते, हे बऱ्याच अंशी विश्वासावर घ्यावे लागते. टेलिग्रामच्या फोनमधील भागाचा प्रोग्रॅम खुला आहे, सर्व्हरचा नाही. आणि किल्ल्या तर सर्व्हरवरच!

दुसरा प्रश्न : कोणी कोणाशी, केव्हा?

बंद पाकिटातले पत्र पोस्टमन वाचत नाही. तरी कोणाच्या घरी कोणत्या गावाहून किती पत्रे येतात, हे त्याला ठाऊक असते. संदेशाविषयीच्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. एका मुलीचे पालक दर आठवड्याला एकाच रुग्णालयाच्या क्रमांकाशी संपर्क साधतात, एवढे कळले तर मजकूर वाचायची गरज उरते का?

या बाबतीत अ‍ॅप-अ‍ॅपमधला फरक मोठा आहे. २०१६ साली अमेरिकेतील एका ग्रँड ज्युरीच्या हुकमाने सिग्नल चालवणाऱ्या संस्थेकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागण्यात आली. त्यांपैकी एकच क्रमांक सिग्नलवर होता, आणि संस्थेला सांगता आले ते एवढेच : खाते कधी उघडले आणि ते शेवटी कधी जोडले गेले. बाकीचे दडवले नव्हते. ते मुळात साठवलेलेच नव्हते. जे साठवले नाही ते चोरीला जात नाही आणि मागितले तरी देता येत नाही. गोपनीयतेचा याहून खात्रीचा उपाय आम्हांला दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप २०१४ पासून फेसबुकच्या, म्हणजे आजच्या मेटा कंपनीच्या मालकीचे आहे. मजकूर तिला दिसत नसला, तरी गटाचे नाव, गटाचे चित्र व वर्णन, वापराच्या वेळा, फोनची माहिती हे ती गोळा करते, असे तिच्याच धोरणात लिहिलेले आहे. शाळेचे, इयत्तेचे आणि तुकडीचे नाव गटाला देताना ही गोष्ट कितीजण ध्यानात घेतात? जानेवारी २०२१ मध्ये या धोरणातील बदलावरून गदारोळ झाला, तेव्हा 'आता आपले संदेश वाचले जाणार' अशी आवई उठली. ती खोटी होती. वाद मजकुराचा नव्हता, मेटाडेटाचा होता. पण त्या भीतीने कित्येकजण व्हॉट्सअ‍ॅप सोडून टेलिग्रामवर गेले, म्हणजे मजकुराच्या बाबतीत अधिक उघड्यावर गेले! दोन प्रश्नांची गल्लत केली की असे होते.

टेलिग्रामचा पवित्रा २०२४ साली बदलला. संस्थापक पावेल दुरोव यांना ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये अटक झाली. पुढच्याच महिन्यात, कायदेशीर मागणी आल्यास नियमभंग करणाऱ्यांचे फोन क्रमांक व आयपी पत्ते देऊ, असे कंपनीने जाहीर केले. कंपनीचे हे धोरण योग्य की अयोग्य यावर मतभेद होतील. आमचा मुद्दा वेगळा आहे. जी हमी केवळ मालकाच्या निश्चयावर उभी असते, ती निश्चय बदलताच जाते. गणितावर उभी असलेली हमी तशी जात नाही.

तिसरा प्रश्न : टोकाशी काय होते?

'टोकापासून टोकापर्यंत' म्हणताना टोके किती, हे कोणी मोजत नाही. ६० पालकांच्या गटाला ६० टोके असतात. प्रत्येक फोनवर संदेश साध्या मजकुरात उघडतो. तो धाकट्या भावाच्या हाती पडतो, दुरुस्तीच्या दुकानात जातो, त्याचे छायाचित्र काढून पुढे धाडता येते.

पेगॅसस प्रकरण आठवा. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलच्या सोयीतील एका दोषाचा फायदा घेऊन सुमारे १४०० फोनांत हेरगिरीचा प्रोग्रॅम घुसवण्यात आला. त्यांत भारतीय पत्रकार व कार्यकर्तेही होते. कूटबद्धतेचे गणित कोणी फोडले नव्हते. फोनच ताब्यात गेल्यावर कुलूप फोडायचे कारण काय? मार्च २०२५ मध्ये तर याहून साधा प्रकार घडला. येमेनवरील हल्ल्याविषयी बोलण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी सिग्नलवर गट केला आणि त्यात चुकून एका मासिकाच्या संपादकाला घेतले. तीनही अ‍ॅपमधले सर्वांत भक्कम अ‍ॅप, पण निमंत्रितांची यादी चुकली!

प्रतींचे आणखी एक ठिकाण म्हणजे बॅकअप. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांची गूगल वा अ‍ॅपलच्या सर्व्हरवर जाणारी प्रत २०२१ पर्यंत एंड-टू-एंड सुरक्षित करताच येत नव्हती. तेव्हापासून तशी सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. समोरच्याने ती केली नसेल, तर आपली दक्षता त्याच्या बॅकअपमधून गळते.

गुप्ततेची किंमत

गुप्ततेची बाजू घेताना तिची किंमतही सांगायला हवी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याआधी फोनवरून तशा अफवा फिरत होत्या. अफवेचा उगम शोधायचा कसा, हा प्रश्न खराच आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशवाहक कंपन्यांवर मूळ प्रेषक ओळखता येण्याचे बंधन घातले, आणि असे केल्यास सर्वांचीच गोपनीयता मोडेल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. आम्हांला येथे कंपनीचे म्हणणे पटते. एका संदेशाचा माग काढण्यासाठी प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल, आणि ती खूण चांगल्या-वाईट प्रेषकांत भेद करणार नाही. मात्र याचा अर्थ कंपनी हातावर हात ठेवून बसू शकते असा नव्हे. जुलै २०१८ मध्येच तिने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यावर मर्यादा आणली. मजकूर न उघडताही अफवेचा वेग कमी करता येतो, हे त्यातून दिसते.

मग शाळेने काय करावे?

मजकुराच्या प्रश्नावर सिग्नल व व्हॉट्सअ‍ॅप जवळजवळ बरोबरीचे, आणि टेलिग्राम मागे. मेटाडेटाच्या प्रश्नावर सिग्नल स्पष्टपणे पुढे, तरी नोंदणीसाठी त्यालाही फोन क्रमांक लागतो. टोकांच्या प्रश्नावर तिघेही आपल्यावर अवलंबून. असा आमचा निर्णय आहे, आणि त्याची बेरीज करायला आमची तयारी नाही.

पालक व्हॉट्सअ‍ॅपवर असतील तर त्यांना हलवण्याचा आग्रह धरण्यापेक्षा गटावर काय टाकावे हे ठरवणे अधिक मोलाचे आहे. एका मुलाची माहिती ६० घरांत जाऊ नये. ती त्याच्याच पालकांना वेगळी पाठवावी. फीची यादी, दाखले, आजारपण यांना गटावर जागा नाही. केवळ सूचनाच द्यायच्या असतील तर ब्रॉडकास्ट यादी वापरावी. तीत पालकांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची ठरवली आहे. कायद्याची कलमे बाजूला ठेवली, तरी ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्या वतीने आपणच सावध राहायला हवे.

वरच्या वर्गांसाठी एक उपक्रम सुचवतो. अनिता-बाळूचा खेळ तिघांत खेळा. मधला विद्यार्थी दोघांच्या चिठ्ठ्या पोचवतो, पण गुपचूप १५ आणि ११ च्या जागी स्वतःच्या संख्या घालतो. अनिता आणि बाळू यांना काही कळणार नाही, आणि मधल्याची दोघांशीही वेगवेगळी किल्ली जुळेल. आता ही लबाडी कशी पकडावी, ते मुलांनाच विचारा. मग व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नलमध्ये एखाद्या संपर्काच्या माहितीतील ६० अंकी क्रमांक दोघांच्या फोनवर उघडायला लावा आणि समोरासमोर बसून अंक ताडून पाहायला सांगा. तो क्रमांक तेथे का दिला आहे, याचे उत्तर मुलांना आधीच सापडलेले असेल.