मापात पाप कोणाचे?

शाळेच्या जुन्या संगणकात ४ जीबी स्मृती, म्हणजे रॅम, बसवलेली आहे आणि पडद्यावर मात्र ३.२५ जीबीच दिसते. उरलेली गेली कुठे? शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा बहुतेकांनी एकच उत्तर दिले : "कंपनी १००० ने मोजते, संगणक १०२४ ने मोजतो, म्हणून आकडा कमी येतो." उत्तर ठाम होते, गणिती होते. संगणकाची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकांतही ते आढळते. तरीही ते चुकीचे आहे आणि हे कळायला एक भागाकार पुरतो.

दशमान पद्धतीने १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट. १०२४ च्या हिशेबाने १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सुमारे ०.९३१ येतात. हार्ड डिस्कच्या बाबतीत हा हिशेब अगदी बरोबर जुळतो. वेष्टनावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. हाच नियम रॅमला लावला, तर ४ जीबीचे ३.७३ जीबी दिसायला हवेत. दिसतात ३.२५. शेजारच्या संगणकावर कदाचित ३.५ दिसतील. एखाद्या नव्या संगणकावर ८ जीबीचे ७.८ दिसतात, नियमाप्रमाणे मात्र ७.४५ यायला हवेत. एककातील फरक असता, तर तो सर्व यंत्रांवर सारख्याच प्रमाणात पडला असता. तसा तो पडत नाही, म्हणजे कारण दुसरेच आहे.

मुळात रॅमच्या बाबतीत हा वाद संभवतच नाही. रॅम बनते आणि विकली जाते ती १०२४ च्याच हिशेबाने. ४ जीबीच्या रॅममध्ये खरोखरच ४,२९,४९,६७,२९६ बाइट असतात. विक्रेत्याने मापात पाप केलेले नसते.

मग खरे कारण कोणते? प्रोसेसर स्मृतीतील प्रत्येक बाइट त्याच्या पत्त्यावरून शोधतो. पत्ता ३२ बिटांचा असेल, तर एकूण पत्ते होतात बरोबर ४,२९,४९,६७,२९६. पण हे सगळे पत्ते रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायॉस यांनाही त्यातलेच पत्ते द्यावे लागतात. अशी कल्पना करा, की एका वसाहतीत घरांना तीनच अंकी क्रमांक देता येतात. ००० ते ९९९, एकूण एक हजार. त्यांपैकी दीडशे क्रमांक शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांना दिले. आता घरे हजार बांधली, तरी दीडशे घरांना क्रमांक उरत नाही. घरे जागेवर आहेत, पण पोस्टमन तेथे पोचू शकत नाही. ३.२५ चे रहस्य एवढेच. कोणत्या संगणकात कोणती उपकरणे आहेत यावर हा आकडा ठरतो, म्हणून तो यंत्रागणिक बदलतो.

ही गोष्ट नवी नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ हा प्रोसेसर होता आणि त्याला २० पत्तारेषा होत्या. म्हणजे १०,४८,५७६ पत्ते. त्यांतील ६४० केबी कार्यक्रमांसाठी ठेवले गेले आणि वरचे ३८४ केबी पडद्याची स्मृती, बायॉस इत्यादींसाठी. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले.

आता ज्यांना हे ठाऊक आहे, ते सांगतात की "३२ बिटांत ४ जीबीपेक्षा जास्त मावतच नाही." हेही अर्धसत्यच. १९९५ च्या पेंटियम प्रो या ३२ बिटी प्रोसेसरला ३६ बिटांचे पत्ते वापरता येत होते, म्हणजे ६४ जीबीपर्यंत स्मृती. ३२ बिटी विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्या ४ जीबीपलीकडची स्मृती वापरतही होत्या. घरगुती आवृत्त्यांना मात्र ४ जीबीची मर्यादा घातली गेली, कारण उपकरणांचे अनेक ड्रायव्हर इतके मोठे पत्ते गृहीत धरून लिहिलेले नव्हते. म्हणजे कुंपण काही अंशी निसर्गनियमाने नव्हे, तर माणसाच्या निर्णयाने पडले.

त्याहून बोलका प्रकार २००८ चा. विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर माहितीच्या खिडकीत वापरता येण्याजोग्या स्मृतीऐवजी बसवलेली स्मृती दाखवली जाऊ लागली. आकडा ४ झाला. वापरता येणारी स्मृती होती तेवढीच राहिली! पुढे विंडोज ७ मध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले, आणि तेच योग्य होते. आजच्या ६४ बिटी संगणकांत पत्त्यांची टंचाई उरलेली नाही. पण अनेक संगणकांत ग्राफिक्सची सोय मुख्य स्मृतीतूनच वाटा घेते, त्यामुळे ८ चे ७.८ होतात.

१०२४ च्या उत्तरावर आमचा आक्षेप केवळ तपशिलाचा नाही. डिस्कला लागू पडणारे उत्तर रॅमला लावले की विद्यार्थ्याचा प्रश्न मिटतो आणि तपासणी थांबते. समजा, ८ जीबीच्या दोन रॅमपैकी एक खाचेत नीट बसलेली नाही, आणि १६ ऐवजी ८ च दिसतात. येथेही "१०२४ मुळे" म्हणून हात झटकले, तर बिघाड कायम राहील. शिवाय एककांचा गोंधळ खरा आहे, तो वेगळा शिकवायला हवा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे १.४४ × १००० × १०२४. हा मेगाबाइट ना दशमान, ना द्विमान! असल्या घोळामुळेच आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावे मान्य केली.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. शाळेतील प्रत्येक संगणकासाठी तीन रकाने आखा : बसवलेली रॅम, दिसणारी रॅम आणि दोहोंचे गुणोत्तर. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्हड' हा आकडाही टिपून घ्या. मग डिस्कसाठी असाच तक्ता करा. एका तक्त्यात गुणोत्तर जवळजवळ स्थिर राहील, दुसऱ्यात बदलत जाईल. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारा, आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका.