उतारू आणि गाडी

बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. साल १९८१. पुढे बैलजोडी, मागे उघडा गाडा आणि त्यावर 'ॲपल'. तो पाहून परदेशी माणूस हसतो, आपला माणूस गहिवरतो. दोघेही उपग्रहाकडे आणि बैलांकडे बघतात. गाडीकडे बघायचं राहूनच जातं.

सांगलीकडे ऊसहंगामात वाढलेल्या माणसाला ही सवय परवडत नाही. आमची नजर आधी गाडीवर जाते. माल कुठे बसवलाय, जू दाबतंय का, चढाला गाडी उलाळेल का, हे आम्ही न ठरवता बघतो. त्या नजरेने फोटो पाहिला की पहिला प्रश्न येतो: उपग्रह बनवू शकणाऱ्यांना एक ट्रक मिळाला नसेल?

ट्रक नकोच होता. ॲपलच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि भोवती लोखंड असलं की लहरी त्यावर आपटून मोजणी बिघडवतात. त्यासाठी लाकडाचा गाडा आणला. म्हणजे ती गाडी गरिबीची खूण नाही, चाचणीच्या सामानाचा भाग आहे. एवढं कळलं की फोटोतला करुण रस उतरतो आणि मागे राहतो तो एक मिस्कील नेमकेपणा. मला तो जास्त आवडतो.

आता नाव. फळाशी त्याचा संबंध नाही. 'आरियान पॅसेंजर पेलोड एक्स्पेरिमेंट' याची ती आद्याक्षरं. त्यातल्या 'पॅसेंजर'ला मराठीत उतारू म्हणतात. प्रवाशाला त्याच्या उतरण्यावरून नाव देणारी आपली भाषा इथे फार चपखल बसते, कारण अग्निबाणातल्या मालाचं काम एकच: योग्य ठिकाणी उतरणं.

पण हा उतारू ज्या गाडीत बसणार होता ती नवी होती. आरियान हा युरोपचा नवा अग्निबाण. त्याच्या चाचणी-उड्डाणांत फुकट जागा देऊ केल्या होत्या. भाडं नाही, पोचण्याची हमीही नाही. २४ डिसेंबर १९७९च्या पहिल्या खेपेला मोजमापाची उपकरणं असलेली कुपी तेवढी पाठवली होती. २३ मे १९८० रोजी दुसरी खेप खरे उपग्रह घेऊन निघाली आणि समुद्रात पडली. तिसऱ्या खेपेला आपण. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून ६७० किलोचा ॲपल युरोपच्या 'मेटिओसॅट-२' या हवामान-उपग्रहाच्या सोबतीने निघाला आणि सुखरूप उतरला. फोटोतला उपग्रह बैलांच्या मागे इतका निवांत दिसतो, तेव्हा त्याच्या पुढच्या गाडीचा आदला अपघात ताजा होता. हे माहीत झाल्यापासून मला तो फोटो पूर्वीसारखा दिसत नाही.

आणखी एक बारकावा. आरियानने अर्ध्या वाटेत सोडल्यावर पुढची चढण ॲपलने स्वतःच्या मोटारीवर चढली. ती मोटार आपल्याच एसएलव्ही-३ या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली, तिरुवनंतपुरमच्या ज्या केंद्रातली, तिथे तेव्हा संचालक होते वसंत गोवारीकर. एका गाडीचा शेवटचा टप्पा दुसऱ्या गाडीच्या उतारूच्या पोटात बसवला! पुढे ॲपलचा एक सौरपंख उघडलाच नाही. तरी त्याने दोन वर्षांहून जास्त काम केलं.

हे सगळं आठवायचं कारण, आता आपली स्वतःची नवी गाडी येते आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. ८,२४० कोटी रुपये, पृथ्वीनिकटच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार, ३ चाचणी-उड्डाणं, आणि पहिला टप्पा परत येऊन पुन्हा वापरता येणारा. त्या पहिल्या खेपेत काय बसवतील? माझा कयास, काही तरी बिनबोलकं. इस्रोची सवय तशी आहे. १८ डिसेंबर २०१४ला एलव्हीएम-३ पहिल्यांदा उडाला तेव्हा त्याचा क्रायोजेनिक टप्पा नकली होता आणि माथ्यावर अंतराळवीरांच्या कुपीचा नमुना होता. १८४३ साली 'सीतास्वयंवर' नाटक पाहिलेल्या आमच्या सांगलीला हे समजावून सांगावं लागू नये: तालमीत एखादं पात्र खुर्ची ठेवून भागवतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र फुकटे उतारू घ्यावेत. विश्रामबागेतल्या वालचंद महाविद्यालयातल्या पोरांचा किलोभराचा उपग्रह ३० टनांच्या गाडीला काय जड आहे? पडला तर पडला. मस्कने २०१८च्या फाल्कन हेवीत स्वतःची लाल मोटार पाठवली. तो तमाशा झकास होता, पण त्या जागेत कुणाचं तरी काम जाऊ शकलं असतं.

परतणाऱ्या टप्प्याबद्दल मी इतका उतावीळ नाही. चित्रदुर्ग जिल्ह्यात 'पुष्पक' हा इस्रोच्या पुन्हा वापरायच्या यानाचा नमुना हेलिकॉप्टरमधून सोडला गेला आणि २०२३ ते २०२४ मध्ये तीनदा धावपट्टीवर आपला आपण उतरला; दुसऱ्या खेपेचाच सांगाडा तिसऱ्या खेपेला वापरला. पण तो पंखांचा. उभा उतरणारा टप्पा वेगळा: त्याला परतीचं इंधन सोबत न्यावं लागतं आणि तेवढा माल कमी भरावा लागतो.

हा हिशेब साखर कारखान्याच्या काट्यावर रोज होतो. भरली गाडी काट्यावर चढते, आकडा पडतो. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, दुसरा आकडा पडतो आणि वजाबाकी होते. पैसे उसाचे मिळतात, पण दोन्ही वेळा बैलांनी ओढलेली असते गाडीच.

ॲपलच्या फोटोत ही दुसरी वेळ नाही. चाचणी संपली, उपग्रह उचलून नेला. गाडीवान जू सावरून बसला असेल, आणि रिकाम्या गाडीला बैल जरा जास्तच झपझप निघाले असतील.