खिंड दिसत नाही, मग शौर्य कसे दिसेल?

फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ लागला आणि त्याचे एकच परीक्षण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत राहिले. चित्रपटगृहातून रडत बाहेर पडणारी माणसे, पडद्यासमोर उभे राहून घोषणा देणारी मुले, हुंदका आवरत चार शब्द बोलणारे तरुण. ज्याने त्याने ते व्हिडिओ पुढे पाठवले आणि चित्रपटाबद्दल जे बोलायचे ते बोलून झाले असे मानले. त्या अश्रूंचा मला आदर आहे. पण ते अश्रू तिकीट काढण्याआधीच आपल्या आत होते. शाळेच्या पुस्तकाने, पोवाड्यांनी, शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीने ते तिथे ठेवले होते. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी त्यात स्वतःचे काय घातले, हा प्रश्न परीक्षकाने विचारायचा असतो. तो विचारणारे फार थोडे निघाले. प्रदर्शनाआधी चर्चा झाली ती लेझीमच्या दृश्याची आणि नंतर झाली ती गल्ल्याची. या दोन्हींच्या मधला चित्रपट तसाच राहून गेला.

संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले, तोच प्रसंग घ्या. मुघल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरहून निघून आंबा घाटाची अवघड वाट तुडवत अनपेक्षित वेगाने खाली उतरला, हे १६८९ च्या त्या घटनेचे मर्म आहे. सह्याद्रीने ज्या वाटा शत्रूसाठी बंद ठेवल्या होत्या, त्यातली एक त्या दिवशी उघडली. पडद्यावर मात्र आपल्याला दिसतो तो एक वीर आणि त्याच्यावर तुटून पडणारी गर्दी. विकी कौशलने त्या दृश्यात जीव ओतला आहे, यात शंका नाही. पण वाटेचा थरार गेला की शोकांतिकेचे कारणही जाते आणि उरतो तो फक्त छळ.

मी कर्जत-खालापूरच्या डोंगरांत राहून हे लिहितो आहे आणि त्यामुळे जागा अशी विसरली जाण्याचा मला जास्त राग येतो. ऐतिहासिक चित्रपटांचा कारखाना आणि त्यांचा खरा इतिहास एकाच तालुक्यात शेजारी शेजारी असण्याचे असे दुसरे ठिकाण सहज सापडायचे नाही. चौक हे सरनौबत नेताजी पालकरांचे गाव. त्याच चौकच्या परिसरात कला दिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्ला इथल्या मातीवर उभा राहिला, अमोल कोल्हेंची ‘राजा शिवछत्रपती’ मालिका इथे घडली. आणि याच खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाताना, चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे.

फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान रुळलेला बोरघाट टाळून कुरवंड्याच्या अंगाने कोकणात उतरला. मोठे सैन्य त्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत शिरले की त्याचे मोठेपण संपते. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढे काय झाले ते कळत नाही, घोडा वळवायला जागा नसते. शिवाजी महाराजांची माणसे दोन्ही अंगांनी दबा धरून होती. मागची वाट बंद, पुढची बंद, घशाला कोरड. खानासोबतच्या रायबाघनने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खान खंडणी देऊन, सामान टाकून परत गेला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हे सविस्तर आले आहे. तिथे उभे राहिले की कळते, ही लढाई जितकी तलवारीने जिंकली तितकीच उतार, झाडी आणि पाणी यांच्या माहितीवर जिंकली. ती माहिती हेच महाराजांच्या बुद्धीचे दृश्य रूप आहे आणि कॅमेऱ्याला ते दाखवता येते.

आता गेल्या काही वर्षांतले चित्रपट या खिंडीतून पाहा. दिग्पाल लांजेकरांच्या ‘शिवराज अष्टका’ची सुरुवात खरोखर आशा वाटावी अशी झाली. ‘फर्जंद’ (२०१८) मध्ये मूठभर माणसांनी पन्हाळा घेण्याची तयारी आहे. हेरगिरी, निवड, सराव, दोर यांना वेळ दिला आहे आणि त्या तयारीमुळेच शेवटची चढाई पटते. ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) मध्ये लाल महालावरचा छापा असल्यामुळे योजना अजून जिवंत आहे. पण ‘पावनखिंड’ (२०२२) मध्ये, जिथे खिंड हीच नायिका, तिथेच खिंड हरवली. बाजीप्रभू कुठे उभे आहेत, शत्रू कोणत्या बाजूने येऊ शकतो आणि कोणत्या बाजूने येऊ शकत नाही, एक माणूस इतक्यांना का थोपवू शकतो, हे चित्रपट आपल्याला कळू देत नाही. तो संवाद ऐकवतो, पार्श्वसंगीत वाढवतो, रक्त संथ गतीने उडवतो. अजय पूरकरांचा आवेश खरा आहे, पण त्या आवेशाला पायाखाली जमीन दिलेली नाही. ‘शेर शिवराज’ आणि ‘सुभेदार’ त्याच वाटेने गेले. ‘तान्हाजी’ने कोंढाण्याचा संगणकी खेळ केला. ‘सरसेनापती हंबीरराव’ मोठ्या आवाजाने बोलतो आणि ‘हर हर महादेव’बद्दल जे वाद झाले त्याहून जास्त लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

याच्या उलट जी परंपरा मला प्रिय आहे, ती याच डोंगरांतून निघाली. गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडतो, आणि राजमाचीची एक वाट कर्जतकडून, कोंदिवड्याहून वर जाते. मुंबई सोडून परतलेला म्हातारा आणि ती माची यांच्यापलीकडे त्या कादंबरीत फारसे काही नाही, तरी ती एखाद्या युद्धकथेइतकी धरून ठेवते. दांडेकरांना पाऊस कोणत्या कड्यावरून आधी दिसतो हे माहीत होते. त्यांच्याच कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ केला. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची ही गोष्ट. नाग्याचे वैर लिंगोबाच्या डोंगरावरच्या माश्यांशी आहे, आणि नाग्या झालेले मोहन आगाशे तो कडा चढू लागतात तेव्हा त्या उंचीचे भय आपल्या तळपायाला जाणवते. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचे संगीत सगळ्यांना पाठ आहे. पण हा चित्रपट त्या कड्यावर उभा आहे, हे आम्ही समीक्षकांनी पुरेसे सांगितलेले नाही. अविनाश अरुणच्या ‘किल्ला’त हीच नजर आहे. एकटा पडलेला मुलगा पावसात किल्ल्यात अडकतो, आणि त्या भिंती त्याच्या भीतीला आकार देतात. नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त गावाबाहेरचे ते माळरान काढून टाका, चित्रपट उरत नाही. या चौघांनी इतिहासाचा एकही प्रसंग न दाखवता इतिहासपट कसा करावा ते दाखवून ठेवले आहे.

आणि सेटचे काय? सेटला माझा विरोध नाही, मी नितीन देसाईंच्या अंगणात राहतो. त्यांनी ‘लगान’साठी कच्छमध्ये उभे केलेले चंपानेर आठवा. घरे, देऊळ आणि मैदान यांच्यातली अंतरे अशी होती की सामना सुरू होण्याआधीच ते गाव आपल्या ओळखीचे झाले होते. ‘देवदास’मधली पारोची काचांची हवेली आठवा, जिथे माणूस दिसतो आणि हाती लागत नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीवर लेख व्हायला हवा होता. परीक्षणांनी ‘भव्य सेट’ एवढे म्हटले आणि अर्धा तारा वाढवला. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाईंचे चौकजवळच्या आपल्या स्टुडिओतच निधन झाले, तेव्हा कर्जाच्या आकड्यांनी रकाने भरले आणि त्यांच्या कामाची मांडणी मात्र थोड्याच जणांनी केली. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या कलावंताच्या कलेबद्दल बोलायला आपल्याकडे भाषाच तयार नव्हती, कारण ती तयार करणे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही.

हा दोष इतिहासपटांपुरता नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून घराघरांत पाहिली जाते. समीर चौघुले वाक्य कुठे तोडतात, नम्रता संभेराव एका पात्रातून दुसऱ्यात जाताना खांदे कसे बदलतात, यावर कुणी लिहीत नाही. हसून पोट दुखले, एवढीच पावती. रोजच्या मालिकांबद्दल तर तेवढेही बोलण्यासारखे नाही. म्हणजे रडलो किंवा हसलो की काम संपले. अरुण खोपकरांनी १९८५ मध्ये ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ लिहिले, तेव्हा गुरुदत्त हा लोकप्रिय हिंदी सिनेमाचाच माणूस होता. खोपकरांनी त्याच्या छायाप्रकाशाकडे आणि चौकटींकडे इतके बारकाईने पाहिले की त्या चित्रपटांचे चाहते अधिक जाणते झाले. लोकप्रिय कलेवर प्रेम असणाऱ्यांसाठी कठोर लिहिता येते, याचा पुरावा मराठीत चाळीस वर्षांपासून आहे. तो वाचलेला असूनही आम्ही ताऱ्यांकडे वळलो.

इतिहासपटांच्या बाबतीत मात्र आळसापेक्षा मोठी अडचण आहे. चित्रपटावर टीका म्हणजे महाराजांवर टीका, असे समीकरण कुणीतरी रुजवले आणि परीक्षक त्याच्या आड लपले. निर्मात्यांना याहून सोयीचे काय असणार? पटकथा कच्ची असो, लढाई कळत नसो, गड पडद्यावर कापडासारखा लोंबत असो, शेवटी भगवा फडकला की सगळे माफ. मला हे समीकरण संतापजनक वाटते, कारण ते महाराजांचाच अपमान करते. ज्या राजाने प्रत्येक घाट आणि प्रत्येक पाणवठा पारखून घेतला, त्याच्या नावाने काढलेल्या चित्रपटाने खिंड न पाहताच खिंडीची लढाई दाखवावी, आणि ते चालते असे आपण म्हणावे?

म्हणून परीक्षकांकडे माझे मागणे साधे आहे. पुढचा इतिहासपट आला की आधी त्या जागी जा. उंबरखिंडीत उतरा, पन्हाळा ते विशाळगड चाला, संगमेश्वरला शास्त्री नदीच्या काठी उभे राहा. मग विचारा की दिग्दर्शकाने ही जागा वापरली का, की फक्त तिचे नाव वापरले. हे प्रश्न छापणाऱ्या संपादकाला शिव्या खाव्या लागतील, त्या त्याने खाव्यात. चाहत्यांना हे सहन होणार नाही, असे म्हणणारे चाहत्यांना ओळखत नाहीत. दर पावसाळ्यात कर्जत स्थानकावर पाठीला सॅक लावून उतरणारी मुलेच उद्या या चित्रपटांची तिकिटे काढणार आहेत. कोथळीगड आणि राजमाची त्यांनी पायांनी मोजलेली आहे. त्यांना खोटा कडा लगेच ओळखता येतो. खरे बोलणारा परीक्षक त्यांना दुखावणार नाही. त्यांना दुखावतो तो, जो त्यांच्या अभिमानाला गिऱ्हाईक समजतो, आणि अशा परीक्षकाने इतिहासपटांवर लिहिणे थांबवावे हेच बरे.