शंका घ्या, पण दोन्ही बाजूंवर सारखी

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये 'पुरावा कमकुवत आहे' असं लिहिणं सोपं असतं. पण ही शंका आपण सगळ्यांवर सारखी घेतो का? हे तपासायला आज एक जुना लेख वाचू: चार्ल्स डिकन्सचा 'द लॉस्ट आर्क्टिक व्हॉयेजर्स', डिसेंबर १८५४.

आधी पार्श्वभूमी. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून जाणारा समुद्रमार्ग शोधायला निघाले. १२९ जणांपैकी एकही परतला नाही. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांना इनुइट लोकांकडून कळलं, की ती माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी काहींनी मेलेल्या साथीदारांचं मांस खाल्लं. रे यांनी इनुइटांकडून अधिकाऱ्यांचे चांदीचे काटे-चमचेही विकत घेतले. हा अहवाल थेट वर्तमानपत्रात छापून आला.

आता फ्रँकलिन यांच्या पत्नी जेन यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नऊ वर्षं वाट पाहायची आणि हाती हे यायचं. त्यांनी डिकन्सची मदत मागितली आणि हा लेख आला.

लेखातले काही प्रश्न अगदी रास्त आहेत. रे यांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं. सांगणाऱ्यांनीही दुसऱ्यांकडून ऐकलेलं होतं आणि मध्ये दुभाषा होता. गाईडने असे प्रश्न विचारले तर आपण मुकाट्याने मान्य करू.

पण पुढे डिकन्स म्हणतो, इंग्रज अधिकारी असं वागूच शकत नाहीत, आणि इनुइटांवर मात्र विश्वास ठेवता येत नाही. कदाचित त्यांनीच या माणसांना मारलं असेल. याला पुरावा काय? काहीच नाही. 'काय घडलं?' हा प्रश्न होता. डिकन्सने 'ती माणसं कशी होती?' याचं उत्तर दिलं.

१९९७ मध्ये त्या मोहिमेतल्या माणसांच्या हाडांवर सुरीच्या खुणा असल्याचं प्रसिद्ध झालं. २०२४ मध्ये तशाच खुणा असलेला एक जबडा डीएनएवरून ओळखला गेला: 'एरेबस'चा कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स. इनुइटांनी सांगितलेलं खरं होतं.

याचा अर्थ 'दुःख बाजूला ठेवा' असा घेऊ नका. जेन गप्प बसल्या नाहीत. १८५७ मध्ये त्यांनी 'फॉक्स' हे जहाज पाठवलं आणि १८५९ मध्ये त्या शोधातच फ्रँकलिन यांच्या मृत्यूची तारीख असलेला कागद सापडला: ११ जून १८४७. डिकन्सने दुःखाला उत्तर पुरवलं; जेननी त्या दुःखातून शोध सुरू ठेवला.

तुमच्या रिव्ह्यूमधला तुम्हाला न पटणारा एक स्रोत काढा. त्याला विचारलेले प्रश्न आवडत्या स्रोतालाही विचारा, आणि दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी लिहून बघा.