भाकर कोणाची?

मिस्सेची मराठी हा समीक्षेचा विषय आहे, हे आपल्याकडे कुणाच्या ध्यानात येत नाही. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) महार-मांगांची पुष्कळ घरे कॅथॉलिक झाली. तेथल्या निरक्षर बायांच्या तोंडी दर रविवारी जे वाङ्मय असते ते हेच. आपली कविता तेथवर पोचलेली नाही. माझ्या भावकीतील काही घरे ख्रिस्ती, उरलेली १९५६ नंतर बौद्ध. मी बौद्ध घरातला, आत्या कॅथॉलिक.

आत्याला देवशास्त्र विचारू नये. तिला आठवते ते एवढेच, की लहानपणी फादरने आपल्या बोटांनी ख्रिस्तप्रसाद तिच्या जिभेवर ठेवला. "गावात भाकर वरून टाकायचे रे, हात लागंल म्हणून," ती म्हणते. त्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये होती, एक अक्षर कळत नव्हते. बोटे कळली. धर्मांतर म्हणजे गव्हाच्या पोत्यासाठी विकला गेलेला विवेक, असे लिहिणाऱ्यांनी या बोटांचा हिशेब दिलेला नाही.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली. आता शब्द कळू लागले, आणि माझी तक्रार येथूनच सुरू होते. प्रचलित मराठी बायबलात योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतःला भाकर म्हणवतो. येसकराच्या पाळीला दारोदार मागून आणलेली भाकर ज्यांनी खाल्ली, त्यांच्यासाठी या शब्दात केवढा स्फोट भरला आहे! पण मी ऐकलेल्या प्रवचनांत तो शब्द केवळ आध्यात्मिक होऊन बसतो. वेदीवरची भाकर तर चर्चच्या नियमाने गव्हाचीच लागते. आमच्याकडे गहू सणाला. पाप, क्षमा, नम्रता यांवर ही भाषा भरभरून बोलते. ज्याने भाकर वरून टाकली त्याच्या पापाचे नाव ती घेत नाही.

हे आजचे नाही. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे १६१६ साली छापले गेले. मराठीचे एवढे प्रेम क्वचितच कुणी केले असेल. परंतु असे पुराण हवे ही मागणी ग्रंथारंभी करतो तो ब्राह्मण नवख्रिस्ती. ओवीचा श्रोता तेथेच ठरला. गोव्याच्या कॅथॉलिकांत बामण, चारडो, सुदीर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले, यात मग नवल कसले? भारतातील कॅथॉलिक बिशपांनी २०१६ च्या दलितविषयक धोरणात चर्चमधली अस्पृश्यता मान्य केली, हे चांगलेच झाले. ती कबुली रविवारच्या प्रार्थनेत उतरलेली मला ऐकू आली नाही.

आणि आपण? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध. आपण आत आल्यावर दार कुणासाठी धरून ठेवले? आपल्या समीक्षेनेही तीच यादी वापरली.

मध्यंतरी वर्गात दलित आत्मकथने शिकवत होतो. एक ख्रिस्ती विद्यार्थी शेवटपर्यंत गप्प. नंतर व्हरांड्यात गाठून म्हणाला, "सर, हे सगळं आमच्याही आज्यावर गेलंय. पण परीक्षेत लिहू का? आमचं यात धरतात का?"