पूर आहे, नदी नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांनी माझी कादंबरी वाचली. शाळेच्या कपाटात तिची एक प्रत बरीच वर्षे पडून होती. सुट्टीच्या दिवशी इमारतीवर राखण करताना त्यांनी ती काढली आणि चार दिवसांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. आवडली का, असे विचारायचा मला धीर होईना. तेच म्हणाले, "सर, पानी वरशी नाय येत, खालशी येतं."

काका डोंबिवलीच्या खाडीकाठचे, मोठागावचे आगरी. माझ्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात 26 जुलै 2005 चा पूर आहे. त्यात आभाळ फाटते, नदी गर्जना करीत येते, दरवाजे मोडतात आणि नायकाचा संसार डोळ्यांदेखत वाहून जातो. या प्रकरणाची त्या वेळी बरी स्तुती झाली होती. काकांच्या एका वाक्याने ते माझ्यापुरते निकालात निघाले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. समीक्षकांची हत्यारे माझ्यापाशी नाहीत. तरी एका वाचकाच्या एका वाक्याने जे सुचले ते मांडतो. त्यात पहिला आरोपी मीच आहे.

काकांचे म्हणणे असे. आमची उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत कल्याणला येते. वाटेत बारवी तिला मिळते. भातसेला पोटात घेऊन आलेली काळू कल्याणजवळ मिळते. इथपर्यंत समुद्राची भरती चढते. म्हणजे कल्याणचे पाणी निम्मे नदीचे, निम्मे खाडीचे. घाटावरचा लोंढा उतरत असताना खालून भरती चढत असली, तर पाण्याला जायला वाटच उरत नाही. मग ते वालधुनीत आणि नाल्यांत उलटे शिरते. घरात ते दारावर धडका मारून येत नाही, मोरीतून येते. आधी मोरीच्या जाळीवर बुडबुडे दिसतात, मग झुरळे वर येतात, मग काळे पाणी. आवाज होत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला हे मी कादंबरीत आवर्जून घातले होते. पण त्या दुपारी समुद्रालाही मोठी भरती होती, ही गोष्ट माझ्या नायकाला ठाऊक नव्हती, कारण ती त्याच्या लेखकालाच ठाऊक नव्हती.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. पण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या आम्हा लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांतून नदी शोधू लागलो, आणि बहुतेक ठिकाणी एकच प्रकार आढळला. पूर आहे, नदी नाही. तीनशे पाने नदीचा पत्ता नसतो. कथानकाला शेवट सापडेनासा झाला की ती अचानक येते, नको असलेली पात्रे घेऊन जाते आणि पुन्हा दिसत नाही.

मराठीत नदी लिहिलीच गेली नाही असे मात्र नाही. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या 1987 साली आलेल्या दोन खंडांच्या कादंबरीत जगबुडी आहे. खोतांच्या चार पिढ्या तिच्या काठाने चढतात आणि उतरतात. नदी तिथे एखाद्या प्रकरणाची धनीण नाही. ती घरच्या जुन्या माणसासारखी सगळ्या प्रकरणांतून वावरते. गो. नी. दांडेकरांनी वऱ्हाडच्या नदीवर लिहिले तेव्हा पुस्तकाचे नावच 'पूर्णामायची लेकरं' ठेवले. आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' तर नर्मदेच्या परिक्रमेवाचून उभीच राहिली नसती. अण्णा भाऊ साठ्यांची माणसे वारणेच्या खोऱ्यातली आहेत हे त्यांच्या बोलण्याचालण्यावरून कळते. आणि मी दर काही वर्षांनी वर्गात शिकवतो ती कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता. पुराने घर धुऊन नेलेला तो मुलगा सरांकडे येतो, पण त्याच्या बोलण्यात नदीबद्दल कडवटपणा नाही. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. तो मुलगाही तिच्याविषयी घरच्या माणसाविषयी बोलावे तसा बोलतो. नुकसान सांगतो, पण नाते तोडत नाही. त्या कवितेचे बळ पुराच्या वर्णनात नाही, पुराआधीच्या ओळखीत आहे. ती ओळख कवीने कुठे सांगितलेली नाही, तरी प्रत्येक ओळीला तिचा आधार आहे. माझ्या प्रकरणात नेमका तोच नव्हता.

खाडीवरचे मराठी लेखन म्हटले की मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' आठवते. ती 1969 ची. शहराने काठावर लोटलेल्या माणसांची ती कथा मोठ्या धैर्याने लिहिलेली आहे, आणि तिथली खाडी म्हणजे चिखल, दुर्गंधी आणि शहराची शेवटची हद्द, हे त्या वस्तीचे सत्यच आहे. आमची चूक अशी, की खाडी म्हणजे एवढेच, असे आम्ही नंतरचे लोक समजून बसलो. माहीमचे सत्य कोपर-मोठागावला जसेच्या तसे लावले.

कारण उघड आहे. आम्ही नदीकाठी राहतो, पण रेल्वेत जगतो. 1853 साली गाडी ठाण्यापर्यंत आली, 1854 च्या मे महिन्यात खाडीवरचे पूल ओलांडून कल्याणला पोहोचली, आणि तेव्हापासून आमच्या गावांचे तोंड रुळाकडे व पाठ पाण्याकडे झाली. माझ्या तरुणपणी जलद लोकल पारसिकच्या 1916 सालच्या बोगद्यातून जात असे आणि धीमी लोकल मुंब्र्यावरून खाडीच्या कडेने. वेळ वाचवणाऱ्याला अंधार मिळे, वेळ घालवणाऱ्याला पाणी दिसे. आमच्या साहित्याने जलद लोकल पकडली. तिच्यातली गर्दी, पास, चौथी सीट, उशिरा परतणारी बायको हे सगळे आम्ही लिहिले, आणि काही चांगलेही लिहिले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, सुमारे 1050 प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा रूळ आणि नदी एका चौकटीत दिसले. पाणी उतरल्यावर गाडीची आठवण राहिली, नदीची राहिली नाही.

वाचनाची वाण म्हणून असे झाले, असेही म्हणता येत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. ठाण्यात 1960, 1988 आणि 2010 अशी तीन साहित्य संमेलने भरली, 2017 साली डोंबिवलीत भरले. मांडवांतून कोणत्या नद्यांची नावे घेतली जात असतील ती असोत. मांडवापासून हाकेच्या अंतरावर पाणी चढत आणि उतरत होते.

एक रविवार काकांनी मला ओहोटीच्या वेळी खाडीवर नेले. तिथे मला जे समजले ते सांगतो, कारण माझ्या मते खरी टीका त्यात आहे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडतो, ओढ्यांना पाणी येते आणि मासे अंडी घालायला पाण्याच्या उलट शेतांत चढतात. याला वलगण म्हणतात. त्या रात्री सारे गाव बत्त्या, काठ्या, टोपल्या घेऊन बांधावर असते. म्हातारे, पोरे, नुकत्या लग्न झालेल्या सुना, सगळी भिजलेली. ती शिकार असते आणि जत्राही असते. म्हणजे वर्षाचे पहिले वाढते पाणी हे काकांच्या आयुष्यात आनंदाचे नाव आहे. त्याच पाण्याला मी माझ्या पुस्तकात फक्त मरणाचे नाव दिले होते. ज्याने वलगण पाहिली आहे तोच पुराचे दुःख नीट सांगू शकेल. कारण त्याच्या लेखी परका शत्रू चाल करून आलेला नाही, दर वर्षी ज्याची वाट पाहिली ते पाणी या वर्षी मर्यादा सोडून गेले आहे. ही दोन दुःखे वेगळी आहेत, आणि कादंबरी दुसऱ्यातून होते.

बाकीचेही त्याच दिवशी कळले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हे काकांच्या आईला घड्याळाशिवाय येत असे. नारळी पौर्णिमा, दुर्गाडीखालच्या गणेशघाटावरचे विसर्जन, पागाने धरलेली कोळंबी, चिंबोरीच्या बिळात हात घालण्याची पोरांची पैज, आणि लग्नात धवले गाणारी धवलारीण. यांतले काही सरत आले आहे. रेती काढणाऱ्यांची 'डुबी'ही तशीच. माणूस बादली घेऊन तळाशी जाई आणि श्वास संपता संपता वाळू घेऊन वर येई. मग सक्शन पंप आले. ज्या सिमेंटच्या घरांत बसून आम्ही नदीविना कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्या भिंतींत नदीचा तळ आहे, ही गोष्ट मला त्या दिवसापूर्वी सुचली नव्हती.

आणखी एक विषय आमच्या उंबऱ्यावर पडून आहे. फाळणीनंतर सिंधूकाठची माणसे कल्याणच्या छावणीत आली. 1949 साली त्या वस्तीला नाव मिळाले ते आमच्या नदीचे: उल्हासनगर. त्यांचा झुलेलाल पाण्याचा देव, माशावर बसलेला. एक नदी गमावलेल्या लोकांना दुसऱ्या नदीचे नाव देण्यात आले, आणि त्यांच्या शहरातून वाहणारी वालधुनी आमच्या डोळ्यांसमोर गटार झाली. अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळाशेजारून निघून ती तिथे येते, हेही आम्ही विसरलो. यात दोष कोणा एका समाजाचा नाही. पाणी सर्वांनीच नासवले. पण एवढी मोठी कथा आम्हा मराठी लिहिणाऱ्यांच्या हाताशी होती आणि आम्ही लोकलची वेळ पाहत होतो.

यावर कोणी म्हणेल, लेखकाने भरती-ओहोटीचे कोष्टक पाठ करावे काय? कादंबरी ही पाटबंधारे खात्याची नोंदवही नव्हे. आक्षेप रास्त आहे. माहिती ठासून भरलेली पुस्तके मीही वाचली आहेत आणि अर्ध्यावर ठेवली आहेत. मी मागतो ते ज्ञान नाही, सहवास आहे. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त धरणग्रस्तांची परवड आहे. ती वाचताना धरणाची उंची आपल्या लक्षात राहत नाही, पाण्याखाली गेलेले गाव राहते. कारण गाव आधी उभे केलेले असते. बुडवायचे ते आधी वसवावे लागते. मी नायकाचे घर बुडवले, पण त्याच्या मोरीला पाणी कुठे जाते हे तीनशे पानांत एकदाही पाहिले नाही. म्हणून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आले असेल, तर ते पावसाचे होते, नदीचे नव्हते.

दुसऱ्या आवृत्तीचा योग आला आहे. शेवटचे प्रकरण मी पुन्हा लिहिले. गर्जना काढून टाकली. पहिल्या प्रकरणात नायकाला आजोबांबरोबर एका रात्री वलगणीला पाठवले. त्याच्या पायाला मासा लागतो आणि तो ओरडतो, एवढेच. शेवटी मोरीच्या जाळीवर बुडबुडे येतात तेव्हा तो घाबरण्याआधी क्षणभर ओळखीचे हसतो. हे साधले की नाही, मला सांगता येत नाही.

हस्तलिखित काकांना दिले. त्यांनी चष्मा लावून, घंटा देण्याच्या मधल्या वेळांत, तीन दिवसांत वाचले. चौथ्या दिवशी कागद परत देत म्हणाले, बरे आहे, पण त्या दिवशी तिथी कोणती होती ते लिहिलेले नाही.

सध्या मी 2005 चे पंचांग शोधतो आहे.