तरंग, स्पर्धा आणि भाऊबंदकी : अतिवाहकतेच्या मराठी परिभाषेसंबंधी एक टिपण

शास्त्रीय संज्ञेचे परीक्षण करताना तिची व्युत्पत्ती शुद्ध आहे की नाही, तिचा समास नीट सुटतो की नाही, एवढेच पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही परीक्षा आवश्यक असली तरी पुरेशी नव्हे. संज्ञा ऐकून श्रोत्याच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर वस्तुस्थितीत सापडते की नाही, ही तिची खरी कसोटी होय. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातील ढाणकी येथे काही विद्यार्थ्यांपुढे ‘विद्युत्भार-घनता-तरंग’ या संज्ञेची फोड करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. तेव्हा एका मुलाने विचारले, ‘सर, तरंग हाय म्हनता, मंग तो चालत काहून नाही?’ लेखकाचा विषय भाषाशास्त्र. तथापि हा प्रश्न भाषेचाही असल्याने त्याचा विचार करणे त्यास प्राप्त झाले.

प्रथम वस्तू पाहू. सामान्य धातूत अणू समान अंतराने मांडलेले असतात आणि त्यांमधून वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दाटी प्रत्येक अणूपाशी सारखीच असते. काही धातूंत मात्र विशिष्ट तपमानाखाली ही दाटी ठराविक अंतराने कोठे अधिक, कोठे उणी होते, आणि अणूही आपापल्या जागेवरून किंचित सरकतात. अणू सरकविण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत होणारी घट मोठी असते, म्हणून ही मांडणी टिकते. अणूंच्या एकाच ओळीपुरता हा विचार रुडॉल्फ पायर्ल्स यांनी मांडला. त्यांच्या 1955 च्या ग्रंथात तो आला आहे.

आता संज्ञेकडे वळू. ‘भार’ हा शब्द ‘अणुभार’ या समासात वजनाचा वाचक आहे. म्हणून काही जण सोयीसाठी ‘भारघनता’ असे आखूड रूप योजतात, ते त्याज्य मानावे. ‘विद्युत्’ हे पूर्वपद येथे गाळता येणार नाही. ‘तरंग’ या पदासंबंधीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी मनाला तरंग म्हटला की पाण्यावर सरकत जाणारी लाट दिसते. येथे तर दाटी जागच्या जागी उभी आहे. ढाणकीच्या मुलांना या बाजूच्या हळदीच्या शेतातील सरी-वरंब्याचे उदाहरण देताच ती गोष्ट तत्काळ पटली. वरंब्यावर माती अधिक, सरीत उणी, अंतर ठरलेले, आणि चालणे मुळीच नाही. मग ‘तरंग’ टाकून ‘मांडणी’ किंवा ‘रचना’ असा शब्द का घेऊ नये?

प्रस्तुत लेखकाचेही प्रथम हेच मत होते. ते त्याला बदलावे लागले. असा तरंग स्फटिकातील दोषांमुळे जागी खिळलेला असतो. तो स्वभावतः अचल नसतो. हर्बर्ट फ्रोलिख यांनी 1954 साली तर अशी कल्पना मांडली की हा तरंग अडथळ्यावाचून सरकू लागला तर तीच अतिवाहकता ठरेल. ती कल्पना अतिवाहकतेचे स्पष्टीकरण म्हणून टिकली नाही. परंतु 1976 साली नायोबियम ट्रायसेलेनाइडमध्ये विद्युत्क्षेत्र वाढविताच विद्युत्प्रवाह नेहमीच्या प्रमाणाबाहेर वाढतो असे आढळले, आणि पुढे त्याचा अर्थ खिळलेला तरंग सुटून सरकू लागतो असा लागला. सारांश, ‘तरंग’ हे पद योग्यच आहे. त्याला ‘स्थिर’ हे विशेषण लावणे मात्र चूक. ‘खिळलेला’ म्हणावे. त्या मुलाचा प्रश्न संज्ञेचा दोष दाखवीत नव्हता, तो संशोधनाच्या नेमक्या जागेवर बोट ठेवीत होता.

दुसरा शब्द ‘स्पर्धा’. अतिवाहकता 1911 साली कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात आढळली. बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी 1957 साली तिची उपपत्ती दिली. तीनुसार अणुजालाच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. तरंगामुळे काही इलेक्ट्रॉन बांधले जातात, तितके जोड्यांसाठी कमी उरतात. म्हणून या दोन अवस्थांत स्पर्धा आहे, असे सर्वत्र लिहिले जाते. पुराव्यांपैकी एक अगदी स्पष्ट आहे. ल्युटेशियम, इरिडियम व सिलिकॉन यांच्या 5:4:10 या प्रमाणातील संयुगात सुमारे 83 केल्विनला तरंग प्रकटतो आणि सुमारे 3.9 केल्विनला अतिवाहकता येते. वीस हजार वातावरणांच्या आसपास दाब देताच तरंग नाहीसा होतो व अतिवाहकतेचे तपमान 9 केल्विनच्या घरात जाते, असे 1986 साली प्रसिद्ध झाले. याच कुळातील संयुगांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. रामकृष्णन यांनी परदेशी सहकाऱ्यांसह काम केले असून एर्बियमयुक्त संयुगातील तरंगावरील त्यांचा निबंध 2000 साली प्रसिद्ध झाला.

परंतु नायोबियम डायसेलेनाइडमध्ये 33 केल्विनला तरंग व 7.2 केल्विनला अतिवाहकता येते आणि त्यापुढे दोन्ही एकत्र नांदतात. दाबाने तरंग घालविला तरी अतिवाहकतेचे तपमान त्या मानाने थोडेच बदलते. याला निव्वळ स्पर्धा कसे म्हणावे? स्पर्धा परक्यांत होते, आणि तिच्यात एक जिंकतो, दुसरा हरतो. या पदार्थांत मात्र दोन्ही अवस्था इलेक्ट्रॉन आणि अणुजाल यांच्या एकाच परस्परक्रियेतून जन्मतात व त्याच इलेक्ट्रॉनांच्या वाटणीवर त्यांचा वाद चालतो. मराठीत या नात्याला नेमका शब्द आहे : भाऊबंदकी. वडिलोपार्जित शेत एक, धुऱ्यावरून तंटा. कोठे एक भाऊ निघून गेल्यावर दुसऱ्याची भरभराट होते, कोठे दोघे एकाच घरात राहतात.

हा शब्द पारिभाषिक संज्ञा म्हणून सुचवावयाचा नाही. ताम्र-ऑक्साइडी अतिवाहकांत 2012 साली क्ष-किरणांच्या साहाय्याने असेच तरंग दिसले आणि अतिवाहकता येताच ते क्षीण होतात असे आढळले. तेथे विरोध उघड आहे, पण दोहोंचे कूळ एकच आहे की नाही यावर अद्याप एकमत नाही. म्हणून कोशात ‘परस्परसंबंध’ असा उदासीन शब्द असावा, ‘स्पर्धा’ प्रयोगाने सिद्ध होईल तेथेच लिहावी, आणि अध्यापकाने वर्गात खुशाल भाऊबंदकी म्हणावे.

मुंबईत चालणारे हे संशोधन इंग्रजीत लिहिले जाते, त्यास इलाज नाही. परंतु ढाणकीच्या मुलाला ते मराठीत सांगताना आपण केवळ शब्दांचे प्रतिशब्द दिले, तर त्याचा ‘काहून’ वाटेतच विरून जाईल. परिभाषाकारांनी त्या ‘काहून’ला उत्तरदायी राहावे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.